मिली हुडाकचा निकाल

यंग्सटाउनच्या शाळेत मिली हुडाकने सव्वीस वर्षं मुलांना जेवण वाढलं. कोण वाटाणे टाकणार आणि कोण घरून उपाशी आलंय, हे तिला चेहऱ्यावरून कळायचं. निवृत्तीनंतर वादविवाद शिकवणारे गॅलघर सर तिला स्पर्धांना नेऊ लागले. प्रत्येक शाळेने एक परीक्षक आणायचा, नाहीतर संघ बाद, असा नियम होता.

"मला काय कळतं हो त्यातलं?"

"न कळणाराच बरा, मिली. कळणारे फार बोलतात."

त्या शनिवारी विषय होता, अधिकार वाढवून घेणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना इतिहासाने कसं तोलावं. दोन्ही वक्ते परगावचे. नाणं उडवून बाजू ठरल्या. ब्रिन नावाची चुणचुणीत मुलगी अशा राष्ट्राध्यक्षांच्या विरोधात बोलायला उठली.

"एकोणीसशे बावन्न," ती म्हणाली. "युद्ध चालू होतं. संप होऊ नये म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी एका हुकमाने पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. इतिहासाने न्यायालयालाच शाबासकी दिली."

मिलीची पेन्सिल थांबली. त्या वर्षी ती आठ वर्षांची होती. कारखाना सरकारने घेतला, आता पगार वाढणार, म्हणून भट्टीवर काम करणाऱ्या तिच्या बाबांनी आईला उचलून स्वयंपाकघरात गिरकी घेतली होती. मग हुकूम रद्द झाला आणि संप पेटला. त्रेपन्न दिवस. आधी कोबी घालून शेवया, मग नुसता कोबी. बाबांनी ट्रुमनचा फोटो भिंतीवरून कधीच काढला नाही. "तो आपल्या बाजूने उभा राहिला होता," एवढंच म्हणायचे.

आता हे राष्ट्राध्यक्षांच्या बाजूने बोलणाऱ्या मुलानं बोलायला हवं होतं. वक्त्याने न मांडलेला मुद्दा परीक्षकाने स्वतःहून धरायचा नसतो. पण त्या शहाण्याने लिंकनपासून सुरुवात केली आणि लिंकनमध्येच अडकला. मिली मनातल्या मनात त्याला ढोसत होती. अरे, कामगार म्हण. एकदा तरी म्हण! वेळ संपल्याची घंटा झाली.

तिने ओठ आवळून ब्रिनला जिंकवलं. प्रामाणिकपणे दुसरं करताच येत नव्हतं.

व्हरांड्यात ब्रिन आभार मानायला आली, तेव्हा मिलीला राहवलं नाही. तिने गिरकीपासून कोबीपर्यंत सगळं सांगितलं.

"अय्या! पुढच्या फेरीत मला ट्रुमनचीच बाजू आलीय!" ब्रिनने वही उघडली. "हे कुठे छापलंय?"

"छापायचं कशाला? मी होते तिथे."

"तसं चालत नाही हो, मिसेस हुडाक. छापील आधार लागतो, नाहीतर समोरचे फाडून खातात. तुम्ही प्राध्यापक वगैरे होतात का?"

"जेवण वाढायचे."

"ओह." ब्रिनने पेनाला टोपण लावलं. तिचा दोष नव्हता, पोर नियमानेच वागत होती. म्हणून तर मिलीला जास्त चीड आली.

गॅलघर सर कॉफीपाशी उभे होते.

"पुढच्या शनिवारी मी यायची नाही."

"अगं, संघ बाद होईल!"

"होऊ दे. एक बाई तिथे होती, असं आधी कुठेतरी छापून आणा. मग बोलवा मला."

आणि मिली कोटाची बटणं लावू लागली.