मोठीनंतरचं नाव

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर टेलरबाई राहतात. नवे कपडे शिवायचं त्यांनी केव्हाच सोडलं, आता फक्त दुरुस्ती. पँट आखूड करायची, झगा सैल करायचा, चेन बदलायची, बगलेत जोड लावायचा. समोरच्या खोलीत खिडकीशी मशीन आहे, भिंतीला उंच आरसा आहे आणि आरशापुढे गिऱ्हाइकानं उभं राहायचा लाकडी ठोकळा. तोंडात टाचण्या धरूनच त्या बोलतात, आणि सवयीच्या माणसाला ते सगळं कळतं. बँकेतल्या एका स्थूल साहेबांना त्या म्हणाल्या होत्या, "तुमचं पोट नाही हो वाढलं, पँटच धुऊन धुऊन खचलीय." साहेब खूश होऊन दोन पँटी आणखी टाकून गेले.

त्यांचे यजमान बाटल्या भरायच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना फोरमनच म्हणत, चारचौघांत बायकोसुद्धा. माणूस सरळ, शब्दाचा पक्का, आणि त्यामुळेच जरा अवघड.

त्यांच्या घरी रोज संध्याकाळी जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होई. ती फोरमनच करत. बाकीच्यांनी मान खाली घालून बसायचं आणि शेवटी आमेन म्हणायचं. आधी प्रभूची प्रार्थना, मग नावं. पहिली नावं तीन मुलांची, वयाच्या क्रमानं: मोठी, बाब्या, छकी. मग जावई, सून, नातवंडं, कारखान्यातली माणसं, चर्चच्या मंडळीतले आजारी, प्रवासाला निघालेले. नावं वाढत गेली तसतसं सूप जास्त गार होऊ लागलं. "बाबा, देवाला आपला पत्ता पाठ आहे, थोडक्यात सांगितलं तरी पोचेल," असं बाब्या लहानपणी म्हणायचा. फोरमन डोळे मिटलेलेच ठेवून टपली मारत. ती नेमकी त्याच्याच डोक्यावर बसे.

पुढे बाब्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती काही आठवड्यांतच गेली. ते काही आठवडे सगळी मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करत होती. त्यानंतर आलेल्या नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळं घर टेबलाशी बसलं होतं आणि फोरमननी सरलेल्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानले.

"कशाबद्दल?" बाब्यानं विचारलं.

फोरमन थांबले. प्रार्थनेत मध्ये कुणी बोलायची त्या घरात रीत नव्हती.

"तुम्ही छताशी बोलता, बाबा. वर कोणी नाही."

"ठीक आहे," फोरमन म्हणाले. "मग तुझं नाव मी छताला कशाला सांगू?"

त्या दिवसापासून मोठीनंतर थेट छकी. सुनेचं नाव राहिलं, कारण तिनं काही म्हटलं नव्हतं. देव नाही म्हणणाऱ्या मुलाला देवापुढून नाव गेल्याचं एवढं का लागावं, असं कुणालाही वाटेल. पण त्याला लागलं. माझं नाव नाही त्या टेबलाशी मी जेवत नाही, असं सांगून तो गेला तो पुन्हा आला नाही. आईला फोन करायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की फोन ठेवता ठेवता विचारायचा, "घेतात का?"

"अजून नाही रे."

"बरं."

अशी कितीतरी वर्षं गेली. मग गेल्या उन्हाळ्यात फोरमनना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. उरलं ते "हां" आणि "ते... ते...". पाणी हवं असलं तरी "ते", खिडकी लावायची असली तरी "ते". टेलरबाई एकेक वस्तू पुढे करत आणि ते मान हलवत, आणि शेवटी दोघंही दमून बसत.

बोलणं शिकवायला इस्पितळातून एक तरुण मुलगी येई. ती म्हणाली, "कधी कधी पाठ असलेलं शाबूत राहतं. आकडे, गाणी, प्रार्थना. संध्याकाळी नेहमीसारखं बसून बघा."

त्या दिवशी रविवार होता, मोठी आणि जावई आले होते, खालच्या मजल्यावरचा मीही होतो. टेलरबाईंनी त्यांचा डावा हात धरला आणि पहिले दोन शब्द म्हटले. आणि फोरमन बोलू लागले. सबंध प्रभूची प्रार्थना, एकही शब्द न अडखळता, जुन्या आवाजात. मोठी रडायलाच लागली. प्रार्थना संपली तरी ते थांबले नाहीत. मोठी, छकी, जावई, सून, नातवंडं, सगळी नावं त्याच चालीत शेवटपर्यंत गेली. आम्ही आमेन म्हटलं. टेलरबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेले कप पुन्हा धुऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी कोटाचं बटण लावून घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून बाजूला ठेवल्या. हे त्या सहसा करत नाहीत.

"सर, यांच्या डोक्यातून सगळं पुसलं गेलं. माझं नाव नाही येत यांना. चहा म्हणता येत नाही. आणि राहिलं काय, तर माझ्या पोराला वगळलेली नावं. एवढंच नेमकं जपून ठेवावंसं वाटलं का देवाला?"

मग टाचण्या पुन्हा तोंडात धरून त्यांनी बटण लावलं.

डिसेंबर लागला आणि बाब्याचा फोन आला. नाताळात येतो म्हणाला. बायको नर्स आहे, तिला सुट्टी नाही, एकटाच येईन. आणि मग नेहमीसारखं विचारलं, "घेतात का?"

"घेतात," टेलरबाई म्हणाल्या.

"बोलता येत नाही म्हणालीस ना?"

"प्रार्थना येते. त्यात घेतात."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "असं झाल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार होते मी, की खोटं बोलले म्हणून?" त्या मला म्हणाल्या.

आता ते खरं करायचं होतं, नाताळच्या आत. त्यांना ते अशक्य वाटलं नाही. जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. शिवण मधेच उसवायची, तेवढ्याच रंगाचा तुकडा बसवायचा, पुन्हा टीप मारायची. अंगात घालणाऱ्यालाही कळत नाही. मोठी आणि छकी यांच्यामध्ये दोन अक्षरं बसवायची, एवढंच तर काम.

त्या शिकवणाऱ्या मुलीनं बजावलं होतं, "मध्ये तोडू नका हं, काकू. ते ठरवून बोलत नाहीयेत, ते आपोआप येतंय. एकदा अडलं तर पुन्हा सुरू होईलच असं नाही." पण नाताळ जवळ येत होता. फोरमन "मोठी" म्हणाले की टेलरबाई पटकन म्हणत, "बाब्या." ते थांबत. बायकोकडे बघत. "ते... ते..." करत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. संध्याकाळचं पुरेना म्हणून सकाळीही बसायला लागल्या, मग दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मध्येही. फोरमनच्या कपाळावर घाम यायचा. त्या तो पुसायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा एकदा, हं? शेवटचं."

एका संध्याकाळी फोरमन "मोठी" म्हणाले आणि आपणहून थांबले. टेलरबाई अजून काही बोललेल्याही नव्हत्या. त्या आता टोकणार म्हणून ते थांबले असावेत. पण त्यापुढे काहीच आलं नाही. छकी नाही, जावई नाही, आमेन नाही. दुसऱ्या दिवशीही तिथेच. जिथे जोड लावायचा होता तिथे कापडच फाटलं.

रविवारी मोठी आली. तिनं ते ऐकलं आणि चमचा खाली ठेवला.

"आई, हे काय करून ठेवलंस? तेवढं एक येत होतं त्यांना."

"मला का कळत नाही?"

"मग त्यांना पुढचं नाव सुचव. नुसतं छकी म्हण, लागतील चालायला."

"मी नाही म्हणणार."

"का पण?"

"माझ्या तोंडानं मी त्याला गाळू? यांनी गाळला तो गाळला. मी आई आहे त्याची."

"मग मी म्हणते."

"माझ्या घरात नाही म्हणायचं."

"मग बसा दोघं असेच," मोठी म्हणाली. "आमेनशिवाय जेवा."

तसंच चाललं. त्या घरात रोज प्रार्थना सुरू होई आणि संपत नसे. फोरमनना ते समजत होतं. न संपलेल्या प्रार्थनेवर ते घास तोंडात घेत नसत. मान फिरवून बसत, आणि टेलरबाईंना हातापाया पडून भरवावं लागे. ते वाळत चालले. चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा हळुवारपणे म्हणाले, "देवाला त्याचं नाव माहीतच आहे, बाई."

"देवाला आहे हो. पोराला कुठे माहीत आहे?"

मशीनवर बसल्या बसल्या त्या पुटपुटत. एकदा मला स्पष्ट ऐकू आलं. "सहा दिवसांत सगळं जग केलंस. मला दोन अक्षरं दे." मग पाय जोरात चालले आणि पुढचं मशीनच्या आवाजात बुडालं.

नाताळच्या दिवशी चर्चमध्ये सकाळची उपासना झाली. दुपारच्या जेवणाला, माझी पत्नी गेल्यापासून जातो तसा, मी त्यांच्याकडे गेलो. मोठी आणि जावई होते. बाब्या बसनं थेट घरी आला. टेलरबाईंनी दारातच त्याचे खांदे चाचपले.

"केवढा उतरलास."

"जॅकेट मोठं आहे, आई."

"जॅकेट मी शिवलंय. मला सांगू नकोस."

फोरमन चाकाच्या खुर्चीत टेबलाच्या टोकाशी बसले होते. बाब्या वाकला, तसं त्यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट पकडलं. "हां," म्हणाले. "हां, हां." आणि मनगट सोडलंच नाही. बाब्याला खुर्ची ओढून त्यांच्याजवळच बसावं लागलं. "बाबा, मला चमचा धरायचाय," तो म्हणाला, आणि हसला, आणि आम्ही सगळेच जरा जास्तच हसलो.

टेलरबाई मात्र पांढऱ्या पडल्या होत्या. "कोंबडी गार होतेय," त्या म्हणाल्या. "आज प्रार्थना नको. सकाळी झालीय की देवळात."

"नको कशी?" बाब्या म्हणाला. "मी त्यासाठीच आलोय."

फोरमननी डोळे मिटले. प्रभूची प्रार्थना नीट पार पडली. मग म्हणाले, "मोठी." आणि थांबले.

आम्ही माना खाली घालून बसलो होतो. फोरमनचे ओठ हलत होते. पुन्हा म्हणाले, "मोठी." गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. टेलरबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांच्या गुडघ्याशी खाली बसल्या.

"बाब्या," त्या म्हणाल्या. "बाब्या म्हणा हो. हा बघा बसलाय. हात धरलाय ना तुम्ही त्याचा? मग म्हणा की. एकदाच म्हणा. मी पुन्हा कधी काही मागणार नाही."

"ते," फोरमन म्हणाले. "ते... ते..." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"आई, पुरे," मोठी म्हणाली.

बाब्या आईकडे बघत होता. "कधीच घेतलं नव्हतं ना?" त्यानं विचारलं.

टेलरबाईंनी मानेनंच नाही म्हटलं.

मला वाटलं, आता हा उठणार. त्यानं हात सोडवून घेतला असता तर त्याला कुणी बोल लावला नसता. तो उठला नाही. वडिलांच्या कानाशी वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "छकी, बाबा. मोठीनंतर छकी."

फोरमननी श्वास सोडला. "छकी," म्हणाले, आणि मग जावई, सून, नातवंडं, कारखान्यातली माणसं, आजारी, प्रवासातले, सगळे ओळीनं आले. आम्ही आमेन म्हटलं. बाब्यानं म्हटलं नाही, पण ताट पुढे ओढून घेतलं आणि जेवला. फोरमनही पोटभर जेवले. टेलरबाईंनी ताटाला हात लावला नाही.

तो नव्या वर्षापर्यंत राहिला, आणि रोज संध्याकाळी त्यानं तेच केलं. फोरमन अडले की छकी म्हणायचं आणि त्यांना पुढे लावून द्यायचं. एकदाही त्यांनी बाब्या म्हटलं नाही. एकदाही त्यांनी त्याचं मनगट सोडलं नाही.

नव्या वर्षाच्या सकाळी तो निघाला. मायलेक जिन्यात बोलत होते आणि मी माझ्या दारात उभा होतो.

"ते रोज अडतील तिथे, आई. आता तू सांगत जा."

"मला नाही जमायचं."

"छकी म्हणायला काय लागतं?"

"काय लागतं ते तुला माहीत आहे."

"मला चालतं."

"तुला चालतं रे. मला?"

त्यानं बॅग खाली ठेवली. "त्यांनी हात धरला, मला पोचलं ते. पण त्यांना आमेनपर्यंत जायचं असतं. तेवढंच राहिलंय त्यांच्याजवळ. ते तू अडवून धरू नकोस."

संध्याकाळी टेलरबाईंनी मला वर बोलावलं. "जेवायला या, सर. दोघंच आहोत," एवढंच म्हणाल्या.

फोरमननी सुरुवात केली. प्रभूची प्रार्थना झाली. "मोठी," म्हणाले आणि थांबले. बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, मग बायकोकडे. मी तोंड उघडणार होतो, पण टेलरबाईंनी माझ्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. फोरमन वाट बघत राहिले. पुन्हा म्हणाले, "मोठी." आणि त्यांच्या कपाळावर घाम दिसू लागला.

"छकी," टेलरबाई म्हणाल्या.

ते पुढे गेले. सगळी नावं झाली. आमेन मी म्हटलं.

टेलरबाईंनी त्यांच्या गळ्याशी रुमाल बांधला, पावाचा तुकडा सुपात बुडवला आणि भरवला. त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला. दुसरा तुकडा बुडवताना त्या थांबल्या.

"उद्याही म्हणावं लागेल ना, सर?"

"हो," मी म्हणालो.