आबाजींचे पाय कुणी पाहिले?

मंडळी, दुपारपासून डोकं सणकलंय, म्हणून इथं लिहितोय.

माझे आबाजी पन्नासच्या दशकात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवायचे. पदांच्या चालीही तेच बसवायचे. नट ओळ विसरला की तिथल्या तिथं नवी सुरावट वाजवून त्याला सांभाळून घ्यायचे.

आज वैनगंगेकाठच्या एका गावात त्यांचा सत्कार होता. नव्वदीला टेकलेला माणूस आठ दिवस जुनी पदं गुणगुणत होता. मी त्यांना स्टेजवर ऑर्गनसमोर बसवताच संयोजक त्यांच्या कानाशी वाकला.

"आबाजी, तुमी फक्त बोटं फिरवा. गाणं रेकॉर्ड करून आणलं हाये, स्पीकरवर लावतो."

"मंग मले काऊन बोलावलं?"

"व्हिडिओ काढाचा हाये ना जी."

चाल आबाजींचीच होती, पण वाजवलेली दुसऱ्याच कुणीतरी, कीबोर्डवर. लोक टाळ्या पिटत होते. खाली माझ्या शेजारी बसलेला एकजण म्हणाला, "काय हात हाये बुढ्याचा!"

किळस आली, शप्पथ.

ऑर्गनमध्ये पायानं हवा भरावी लागते, नाहीतर तो मुका. आबाजी गाणं संपेपर्यंत दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून बसले होते.

तो व्हिडिओ तुमच्यापैकी कितीतरी जणांनी लाइक केलाय. एकानं तरी त्यांचे पाय पाहिले का?