झाडावरची हाळी

रविवारी कोल्हापुरात माझा जीव नुसता टांगणीला लागला होता...

मी बेंगळुरूत साऊंडचं काम करतो. नववीत शाळा सुटली, तेव्हापासून केबल ओढायच्या आणि स्पीकर टांगायचे. आमच्या मॅडम आवाजांचं प्रदर्शन भरवतात... झाडांवर छोटे स्पीकर, खालून जाणाऱ्याला आवाज ऐकू येतात. या वेळी आमच्या गावात करूया, हा हट्ट माझा.

तळ्याकाठची जागा मिळाली. पण तिथल्या तालमीच्या अध्यक्षांनी ठणकावलं, "आधी चाचणी. एक जरी तक्रार आली तर गुंडाळायचं." स्पीकर म्हटलं की आमच्याकडे मिरवणुकीतला कानठळ्या बसवणारा डॉल्बीच आठवतो, त्यांची तरी काय चूक... मला जेवण गोड लागेना.

आवाज सगळे इथलेच. आखाड्यातला शड्डू, गुऱ्हाळाची घरघर आणि म्हशीवाल्या आण्णांची हाळी. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात ना, तेव्हा आण्णांची म्हैस या हाळीवर सुसाट येते. मॅडमना तीच सगळ्यात आवडलेली.

संध्याकाळी चाचणी सुरू केली. आण्णा म्हशीला घेऊन दूध कट्ट्याकडे, जिथं गिऱ्हाइकासमोरच धार काढून दूध देतात तिकडे, निघाले होते... आणि झाडावरून त्यांचीच हाळी आली. म्हैस दावं हिसडून पळाली ती थेट झाडाखाली! मान वर करून उभीच. मागं गाड्यांचे हॉर्न.

आण्णा ओरडले तरी हलेना. कट्ट्यावरून कुणीतरी चेष्टेनं ओरडलं, "आण्णा, म्हशीनं मालक बदलला की वो!"

आम्ही येणाऱ्याजाणाऱ्या माणसांचा विचार केला होता... म्हशीचा केलाच नव्हता.

आण्णा माझ्याकडं आले. वाटलं, संपलं. पण त्यांचा आवाज खालीच होता. "हाळीवर आली की मी तिला पेंड चारतो. झाड काय देणार हाय? अशी फसत राहिली तर माझ्या हाळीला बी यायची न्हाय ती. पाडवा तोंडावर आलाय रं लेकरा."

मी मॅडमना विचारलंसुद्धा नाही. तिथल्या तिथं हाळी काढून टाकली... आणि मग त्यांच्याकडं बघायचं धाडस होईना.

अध्यक्ष जवळ येऊन म्हणाले, "म्हशीचं ऐकलंस. मग माणसांचं बी ऐकशील. राहू देत स्पीकर."

प्रदर्शन सुरू आहे. त्या झाडावरचा स्पीकर मॅडमनी मुद्दाम मुका ठेवलाय. रोज संध्याकाळी म्हैस खालून पुढं गेली की मगच माझा जीव भांड्यात पडतो... कुणाला बोलवायचं तर त्याला द्यायला जवळ काहीतरी असावं लागतं. आण्णा, हे तुम्ही ओरडून नाही सांगितलं, म्हणून जास्त लागलं.