भाकरी थापणाऱ्यांचे तास

बसवकल्याणात कडक भाकरीचा कारखाना काढला, तेव्हा ज्वारीची नि गिऱ्हाइकांची काळजी करायची एवढंच मला ठाऊक होतं. तासांपायी केस पांढरे होतील हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडं एक थापते, दुसरी भाजते, तिसरी पुड्यात भरते आणि मनाला आलं की जागा बदलतात. भाकरी मोजून कुणाचं काम कळत नाही, तासच धरावे लागतात.

म्हणून सोलापूरहून अंगठ्याचं मशीन आणलं. पण जन्मभर पिठाशी आणि तव्याशी झुंजून या बायकांचे अंगठे इतके गुळगुळीत, की त्यात बघून भांग पाडावा. अक्काचा तर मशीनला दिसेचना. अक्का म्हणजे आमची पहिल्या नंबरची कारागीर. तिची भाकरी खिडकीला बसवली तर काच लागणार नाही, इतकी पातळ. दिवसभर थापून संध्याकाळी ती मशीनवर गैरहजर.

"अण्णा, तुमच्या म्होरं बसलेली मी दिसले न्हाई व्हय? माझे तास नीट लावा, न्हाई तर उद्यापासून दुसऱ्या कारखान्याला जाते. तिथं माणसाला वळखतात."

अक्का गेली तर निम्मी गिऱ्हाइकं तिच्या मागं चालत जातील.

मशीन काढलं. दारातल्या चपलांवरून हजेरी घ्यायला लागलो. चपला आहेत म्हणजे बाई आत आहे. आठवडाभरात चपला कामावर आणि बायका मागच्या दारानं, अनवाणी, शेजारच्या बारशाला.

शेवटी डोकं फिरलं. "बसताना वरडून सांगा, उठताना वरडून सांगा. सगळ्यांच्या कानावर पडू द्या."

दुसऱ्या दिवसापासून "बसले गंऽऽ", "उठले गंऽऽ" अशी आरोळी, की रस्त्यानं जाणारी उमरग्याची बस थांबायची आणि कंडक्टर खाली उतरून विचारायचा, कुणी चढायचंय का. पण खोटं मात्र कुणाला पचेना.

"कामून गं लबाड बोलायलीस? तू बसलीस तवा माझी टोपली अर्धी भरली होती."

"तुझी टोपली कवा भरती गं?"

संध्याकाळी भांडून भांडून सगळ्यांचे तास ठरले. अक्काचे पहिल्यांदाच पुरे लागले. आता ती जात नाही, म्हणून मी सुस्कारा सोडला, तर ती जागेवरून हलेना.

"ह्या भांडणाला गेला त्यो वेळ बी लावा, अण्णा. मी अजून उठले म्हणून वरडले न्हाई."

लावला. काय करता.