लॉर्डसाहेबांच्या मरणाची रंगीत तालीम

किलब्रॅसी गावात मरणाला कुणी फारसं भीत नसे. भीती होती ती गोबनेट ओलिहीची. माणूस गेला की त्याच्या उशाशी बसून विलाप गायला तिलाच बोलावत, आणि विलापात खोटं गायचं नाही ही तिच्या आईची शिकवण. मेलेल्याचं कुळ, त्याचे गुण-अवगुण, त्याच्या लेकरांची नावं ती सुरात सांगे आणि जाता जाता जिवंतांनाही बोचकारून घेई. “चार वर्षं नवऱ्याला पाणचट ताक पाजलंस गं, आता डोळ्यांतलं पाणी तरी दाट येऊ दे,” असं तिने क्रोनिनच्या विधवेला भर मयतीत सुनावलं होतं. विधवा आधी भडकली, मग सगळ्यांबरोबर हसली आणि शेवटी धाय मोकलून रडली. गोबनेटला तेच हवं असायचं.

पाद्रीबाबांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातेस तू,” ते एकदा म्हणाले.

“खाल्लं असतं फादर,” गोबनेट म्हणाली, “पण तुमच्यानंतर काही उरतं का तिथे?”

गावात तिला धाक वाटावा असं कुणी नव्हतं. खुद्द लॉर्ड किलब्रॅसीसुद्धा नाही. थोरांची मुलं गावातल्या बाईकडे अंगावर पाजायला द्यायची रीत होती, आणि हा लॉर्ड, म्हणजे लुडलो, गोबनेटच्या आईच्या दुधावर वाढलेला. म्हणजे तिचा दूधभाऊच. चारचौघांत ती त्याला “साहेब” म्हणे, एकट्यात “लुडलो”, आणि चिडली की “अरे बोकडा”.

लुडलो आधी नुसता बॅरन होता. डब्लिनची पार्लमेंट मोडून लंडनच्या पार्लमेंटात मिसळायची, असा ठराव आला तेव्हा त्याने “हो” म्हटलं, आणि त्या एका होकारावर तो बॅरनचा एक पायरी वरचा व्हायकाउंट झाला. घरी येताच त्याने बग्गीच्या दारावर नवा मुकुट रंगवून घेतला. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर त्याची लेक लेटिशिया म्हणाली, “बाबा, देश विकून रंग मात्र छान मिळाला हं.” पुढच्याच महिन्यात तिने कॉर्क शहरातल्या एका कॅथलिक डॉक्टरशी, म्हणजे प्रोटेस्टंट बापाच्या लेखी परधर्मीयाशीच, लग्न केलं. बापाने घरच्या बायबलात लिहिलेलं तिचं नाव खोडलं, तेही इतकं दाबून की शेजारी लिहिलेला धाकटा मुलगाही निम्मा खोडला गेला. घरात तिचं नाव काढायलासुद्धा बंदी झाली.

लेटी आईवेगळी पोर. तिचं सगळं लहानपण गोबनेटच्या चुलीपाशी बटाटे भाजण्यात गेलेलं. त्यामुळे हा घाव गोबनेटलाही लागला, आणि अकरा वर्षांत तो भरला नाही.

मग एका हिवाळ्यात लुडलोची छाती भरली, पाय सुजले, आणि त्याने गोबनेटला बोलावून घेतलं.

“माझा विलाप तूच गाणार ना?” त्याने विचारलं.

“तुझे मुलगे लंडनला. ते काय गाणार, कपाळ?”

“मग मला तो आधी ऐकायचाय. ठराव मांडायच्या आधी मसुदा वाचून घ्यायची सवय आहे मला.”

“अरे बोकडा, जिवंत माणसावर विलाप करतात का कधी? मरणाला ऐकू जातं.”

“जाऊ दे. डॉक्टर तसाही त्याला रोज हाका मारतोय.”

गोबनेटने पहिल्या चार ओळी गुणगुणून दाखवल्या. त्यांत एक होकार होता आणि एक मुकुट होता. लुडलोने ताबडतोब दुरुस्ती सुचवली. तिने ती फेटाळली. मग तो म्हणाला, “बरं, निदान ‘प्रेमळ पिता’ तरी घाल.”

“किती लेकरांचा?”

“दोन.”

“तीन.”

“गोबनेट!”

“ज्या लेकराचं नाव विलापात घेतलं नाही, त्याला उशाशी बसता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. गाव तिला आयुष्यभर परकी म्हणेल. मी तीन नावं घेईन, नाहीतर आण दुसरी बाई.”

“दोन,” लुडलो म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं. सुंभ जळत आला होता, पीळ तसाच होता.

गोबनेटने थोडा वेळ विचार केला आणि चक्क माघार घेतली. “बरं बाबा, दोन तर दोन. बुधवारी दुपारी पूर्ण ऐकवते. पण नीट निजून ऐकायचं, डोळे मिटून. मध्ये बोलायचं नाही.” ती इतक्या सहज वाकली याचा लुडलोला संशय यायला हवा होता. पण स्तुती ऐकायला आतुर झालेल्या माणसाची अक्कल चरायला जाते.

त्याच संध्याकाळी गोबनेटने कॉर्कला लोणी घेऊन जाणाऱ्या गाडीवानाबरोबर लेटीला निरोप धाडला: “बुधवारी दुपारी तुझ्या बापासाठी विलाप गाणार आहे. यायचं तर ये.” त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. तरी रात्री प्रार्थनेच्या वेळी तिने देवाची वेगळी माफी मागून ठेवली.

बुधवारी लुडलो जरीचा कोट घालून पलंगावर निजला. हाताची घडी, डोळे मिटलेले, उशाशी मेणबत्त्या. नोकरांपैकी कुणालाच काही सांगितलेलं नव्हतं. गोबनेटने काळा झगा डोक्यावरून ओढला, खिडकी सताड उघडली आणि आवाज लावला.

तो आवाज तीन शेतं ओलांडून गेला. माणसांनी कुदळी टाकल्या. स्वयंपाकीण हातातल्या कणकेसकट रडत जिन्यात बसली. अर्ध्या तासात अंगणात टोप्या काढून गाव उभा राहिला, आणि एकाने तर मयतीला ओढायच्या मातीच्या चिलमीही आणल्या. पलंगावरचं प्रेत मात्र खुशीत होतं; त्याच्या कुळाची सातवी पिढी चालू होती.

इतक्यात चाकं वाजली. लेटी धावत वर आली, आणि पलंग पाहून दारातच थबकली. गोबनेट गायची थांबली नाही, फक्त आवाज हलका केला.

“थांबला नाहीत ना?” लेटी बापाला म्हणाली. “एवढी घाई होती? अकरा वर्षं, बाबा! दर नाताळला मी गाडी या घरासमोर हळू करायला लावत होते. तुम्ही खिडकीत असायचात. मला बघितलंत की पडदा ओढून घ्यायचात. दर वर्षी! दगडाला पाझर फुटतो, तुम्हाला नाही फुटला. आणि मी मूर्ख, पुढच्या वर्षी परत यायचे.” ती पलंगाचा खांब धरून रडू लागली.

गोबनेटने पाहिलं, प्रेताची हनुवटी थरथरत होती.

“खोटं आहे,” प्रेत म्हणालं.

जिन्यात स्वयंपाकीण किंचाळली आणि तिची कणीक तीन पायऱ्या खाली गेली. लुडलोने डोळे उघडले. ते भरून आलेले होते.

“पडदा ओढायचो, पण जायचो नाही,” तो म्हणाला. “मागे उभा राहायचो. गाडी वळणावर जाईपर्यंत.”

“तुम्ही जिवंत आहात?”

“तू जे बोललीस त्यानंतर फारसा नाही.”

लेटीने गोबनेटकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर भस्म झाली असती. गोबनेट झग्याचं टोक नीट करण्यात गर्क होती.

“गोबनेट,” लुडलो म्हाताऱ्या, घोगऱ्या आवाजात म्हणाला, “तीन कर. हिचं नाव घाल.”

“मी मेलेल्यांसाठी नावं घेते,” गोबनेट म्हणाली. “तुला अजून तोंड आहे. तूच हाक मार.”

लुडलोने ओठ ओले केले. सभेत उभं राहायला तो कधी इतका घाबरला नव्हता.

“लेटी,” तो म्हणाला.

“काय आहे?” ती रडत रडतच खेकसली, आणि जाऊन त्याच्या उशाशी बसली.