आक्काच्या मागचं लटांबर

आमच्या धाकट्या भावाने कधी एकच प्रोग्राम टाकलाय असं मला आठवत नाही. वाचनालयातले संगणक तो सांभाळायचा, सगळे लिनक्सवर चालणारे. हिशेबाच्या टेबलासाठी प्रोग्रामचा एक गट, पोरांच्या चित्रांसाठी दुसरा. गटाचं नाव टाकलं की त्याच्या मागून सगळं लटांबर आपोआप यायचं. "एकेकाला कुठे बोलावत बसू, आक्का?" म्हणायचा. स्वतः मात्र दहा हाका मारल्याशिवाय जेवायला उठायचा नाही, तो भाग वेगळा!

माझ्या जुन्या संगणकासाठीही त्याने गट बांधला. नाव ठेवलं 'आक्का'. ठसठशीत अक्षरं, मराठी टायपिंग, पत्त्यांचा खेळ, सगळं त्याच्या मागून आलं.

आई अंथरुणाला खिळलेली होती तोवर तो घरी राहिला. ती गेली आणि याने लांबची नोकरी धरली. तेव्हापासून दर सुट्टीला "बघतो" म्हणतो, येत काही नाही. मला दुसरं काही नको, एकदा घरी यावा, बस्स.

परवा मला साफसफाईची हुक्की आली. पडद्यावर प्रोग्रामच्या यादीत 'आक्का' दिसली. उघडून बघते तर आत काहीच नाही, नुसतं नाव! म्हटलं, ही रिकामटेकडी कशाला? काढून टाकली. मग संगणकाने विचारलं, बाकीच्यांची आता कोणालाच गरज नाही, काढू का? काढ बाबा, म्हटलं. चोराने घर धुऊन न्यावं तसं झालं. पत्तेसुद्धा गेले.

पण खरं सांगू? मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता कसा येत नाही बघतेच! त्याच्या खोलीत चांगली चादर घातली आणि फोन लावला.

सगळं ऐकून तो खो खो हसला. "अगं, ते सगळे तुझ्या नावावर आले होते. तूच नाहीस म्हटल्यावर राहतील कोणासाठी?"

"आई गेल्यावर तू तरी कुठे राहिलास?" मी फटकन बोलले.

त्याने तो विषय टाळला. मग हळूच म्हणाला, "एक ओळ सांगतो, टाईप कर."

केली. 'आक्का' परत आली आणि तिच्या मागून चहा उकळेपर्यंत सगळं जिथल्या तिथे.

"झालं की! आता मी यायला नको," तो म्हणाला.

"नको," मी म्हटलं. फोन ठेवला आणि त्याच्या खोलीतली चादर काढायला गेले. हात काही उचलेना. तिथेच बसून पोटभर रडले.