येसूबाईंच्या फ्रीजचं दार

मलकापूरचा फ्रीज-मेकॅनिक केरू मुळातच तापट. कायमचा बंद पडलेला फ्रीज दिसला की आधी वायर कापायची आणि मग दार उतरवायचं, ही त्याची वीस वर्षांची रीत. आज माण तालुक्यातल्या येसूबाईंच्या अंगणात वायर कापून झाली, पण दाराला हात लावताच त्या आडव्या आल्या. शेरडांची पेंड त्या फ्रीजमध्येच ठेवायच्या.

"दार काढल्यावर उंदरं पेंड ठेवत्यात व्हय रं?"

"आवं मावशी, आत कोण अडकलं तर गुदमरून मरंल!"

"फ्रीजात कोण जातंय मरायला? जा तू!"

केरू तणतणत स्टँडवर आला. बसला, उठला, पुन्हा बसला. एसटी आली, माणसं चढली आणि हा स्वतःलाच शिव्या घालत मागं फिरला. येसूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालू असतानाच त्यानं बिजागरीचे स्क्रू काढले आणि दार भिंतीला टेकवलं.

गलका ऐकून त्यांची नात साक्षी बाहेर आली. उघडा फ्रीज बघून ती हिरमुसली.

"काय वं काका! पेंड सरली की मी त्यात लपणार हुते. कुणालाच घावले नसते!"